भूरूपाचे प्रतिमान प्रवाह-गणितात उतरविताना

भाषाविज्ञान शिकविणाऱ्याने डोंगरावरून वाहणाऱ्या वाऱ्याच्या गणिताविषयी लिहावे, हे या पत्रिकेच्या वाचकांस काहीसे अनधिकार वाटण्याचा संभव आहे. म्हणून त्याचा खुलासा प्रथम केलेला बरा. परिभाषेच्या कामानिमित्त प्रस्तुत लेखकाचा विज्ञानशाखेतील संशोधक-विद्यार्थ्यांशी वारंवार संबंध येतो. असाच एक विद्यार्थी आपल्या प्रबंधातील एका प्रकरणासाठी मराठी प्रतिशब्द विचारावयास आला होता. सातारा जिल्ह्यातील एका पठाराच्या काठावर वारा कसा उसळतो, कोठे फाटतो आणि पवनचक्कीच्या उंचीवर त्याचे रूप काय असते, हा त्याचा विषय. सहा आठवडे संगणक चालवून काढलेली उत्तरे त्याच्या हाती होती व प्रकरण टंकलिखित व्हावयाचेच काय ते राहिले होते. शब्दांची चर्चा करता करता मूळ सामग्रीकडे पाहण्याचा योग आला आणि ती सारी उत्तरे एका चुकलेल्या भूरूपावर उभी आहेत असे आढळले. ती चूक वायुगतिशास्त्रातील नव्हती. लेखनातील, अक्षरशः अंकलेखनातील होती. या विषयात शिरण्याचे धैर्य मला झाले ते एवढ्याच आधारावर.

प्रथम सामग्रीचे स्वरूप पाहू. जमिनीच्या आकाराची जी माहिती आज सहज उपलब्ध होते, ती बहुधा उंचीच्या आकड्यांचा एक पट असते. आडव्या ओळी, उभे स्तंभ आणि प्रत्येक छेदबिंदूवर त्या स्थळाची उंची. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अंतराळयानाने अकरा दिवसांच्या फेरीत रडारच्या साहाय्याने ६० उत्तर अक्षांशापासून ५६ दक्षिण अक्षांशापर्यंतच्या भूभागाचे असे मापन केले. त्या सामग्रीत दोन बिंदूंमधील अंतर एक विकला, म्हणजे सुमारे ३० मीटर, आहे. २००५ साली सोडलेल्या आपल्या कार्टोसॅट-१ या उपग्रहाच्या दुहेरी चित्रांवरूनही असा पट तयार झालेला आहे. लहान क्षेत्रासाठी ड्रोनने छायाचित्रे घेऊन याहून कितीतरी बारीक पट करता येतो.

प्रवाहाचे गणित करणाऱ्या प्रणालीस मात्र असा पट सहसा थेट चालत नाही. तिला पृष्ठभाग हवा असतो आणि तो बहुधा त्रिकोणांचा बनलेला असावा लागतो. चार शेजारी बिंदूंचा एक चौकोन, त्याचे दोन त्रिकोण, असा हिशेब केला तर एका अंशाच्या तुकड्यातील ३६०१ गुणिले ३६०१ बिंदूंचे सुमारे २ कोटी ५९ लाख त्रिकोण होतात. हे त्रिकोण लिहून ठेवण्याची सर्वांत प्रचलित पद्धती एसटीएल या नावाची. तिच्या द्विमान रूपात प्रत्येक त्रिकोणास ५० बाइट लागतात. म्हणजे एवढ्याशा प्रदेशासाठी सुमारे १३० कोटी बाइट. वाचता येण्याजोग्या अक्षररूपात लिहिले तर आकार याच्या कित्येक पट. कारण सरळ आहे. या पद्धतीत प्रत्येक त्रिकोण आपले तिन्ही कोपरे स्वतंत्रपणे सांगतो, त्यामुळे मध्यावरचा प्रत्येक बिंदू सहा वेळा लिहिला जातो. त्यातून दुसरे वैगुण्य असे की, ही पद्धती एककाविषयी पूर्ण मौन पाळते. आकडा मीटरचा की फुटाचा, पूर्व कोणती, शून्य कोठे, यांपैकी काहीही ती सांगत नाही. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर येथे संख्याविशेषणे तेवढी आहेत. विशेष्य वाचकाने मनात धरावयाचे.

या मौनामुळे होणाऱ्या काही चुका इतक्या ढोबळ असतात की त्या चटकन लक्षात येतात. मूळ पटातील स्थाने अक्षांश-रेखांशांत असतात आणि उंची मीटरमध्ये. तसेच्या तसे त्रिकोण केले तर एका अंशाच्या चौकटीत १६४६ मीटरांचे कळसुबाई शिखर एक एकक रुंद आणि १६४६ एकके उंच अशा सुईसारखे उभे राहते. ते पाहून कोणीही थांबेल. म्हणून प्रथम स्थानांचे मीटरमध्ये प्रक्षेपण करावे लागते. आपल्याकडे त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विश्वव्यापी प्रक्षेपणात महाराष्ट्राचा बहुतेक भाग ४३ व्या पट्ट्यात येतो, परंतु ७८ रेखांशाच्या पूर्वेस ४४ वा पट्टा सुरू होतो. अमरावती एका पट्ट्यात आणि नागपूर दुसऱ्यात. त्या सीमेवरील प्रदेशाचा अभ्यास करणाऱ्याने कोणता तरी एकच पट्टा धरून त्यात सर्व बिंदू आणले पाहिजेत.

आरशातील प्रतिबिंबाची चूक मात्र इतक्या सहजासहजी सापडत नाही. पटाची पहिली ओळ उत्तरेची असते आणि पुढील ओळी दक्षिणेकडे उतरत जातात. आपण पान वाचतो त्या क्रमाने. गणितातील अक्ष मात्र उत्तरेकडे वाढतो. हा भेद विसरला की उत्तरेचा डोंगर दक्षिणेस जातो. नद्या, सोंडा, खिंडी सर्व नैसर्गिक दिसतात, कारण डोंगराचे प्रतिबिंबही डोंगरासारखेच दिसते. प्रदेश पायांखालून घातलेला असेल त्यालाच ‘ही खिंड डावीकडे कशी?’ असा प्रश्न पडतो.

उंचीच्या संदर्भाचाही असाच घोटाळा होतो. अंतराळयानाच्या सामग्रीतील उंची समुद्रसपाटीशी जुळणाऱ्या भूसम पृष्ठापासून मोजलेली असते; उपग्रहावरून स्थाननिश्चिती करणारी यंत्रे मूलतः एका गणिती दीर्घवृत्ताभापासून मोजतात. पश्चिम महाराष्ट्रात या दोहोंत साठ मीटरांच्या वर अंतर आहे. मध्यभागी ड्रोनचा बारीक पट आणि भोवती रडारचा जाडा पट अशी जोडणी पुष्कळजण करतात व ती योग्यही आहे. पण संदर्भ एक केला नाही तर त्या सांध्यावर साठ मीटरांचा कडा उभा राहतो. सह्याद्रीत कड्यांस तोटा नसल्यामुळे तोही कधी कधी खपून जातो.

आता त्या विद्यार्थ्याच्या चुकीकडे वळू, कारण ती या साऱ्यांहून सूक्ष्म होती. त्याचा पट पाच मीटर अंतराचा, ड्रोनच्या सर्वेक्षणावरून केलेला होता. प्रक्षेपण बरोबर होते, दिशा बरोबर होत्या. पडद्यावर पठाराचा उतार पायऱ्यापायऱ्यांचा दिसत होता आणि हे तर आपल्या भूगोलाच्या पहिल्याच पाठाशी जुळणारे. दख्खनच्या कातळास ‘ट्रॅप’ हे नाव मिळाले तेच मुळी पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि झिजताना त्यांच्या पायऱ्या झाल्या. तेव्हा पायऱ्या दिसल्यावर कोणासही शंका आली नाही. उलट बारीक सामग्री वापरल्याचे सार्थक झाले असेच सर्वांस वाटले.

माझ्यासारख्यास चित्रापेक्षा पाठ अधिक जवळचा. त्रिकोणांची धारिका अक्षररूपात होती, म्हणून ती उघडून मी ओळी वाचू लागलो. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत नकलनविसाची चूक शोधताना आपण पुनरुक्ती पाहतो. लेखकाची नजर एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवरच्या त्याच शब्दावर घसरली की मजकूर गळतो किंवा दुणावतो. येथेही पुनरुक्ती दिसली. उत्तरेकडील अंतराचा आकडा ‘१.९३०४२ गुणिले दहाचा सहावा घात’ अशा पद्धतीने लिहिलेला होता आणि पटाच्या दोन निरनिराळ्या ओळींतील बिंदूंना तोच आकडा मिळालेला होता.

याचे कारण असे. विषुववृत्तापासून मोजलेले सातारा जिल्ह्याचे उत्तर-अंतर सुमारे साडेएकोणीस लाख मीटर भरते. धारिका लिहिणाऱ्या प्रणालीला किती सार्थ अंक लिहावयाचे ते सांगितले नाही, तर पुष्कळ प्रणाली सहा अंक लिहितात. ओपनफोम ही मुक्त आणि विद्यापीठांत प्रचलित असलेली प्रवाह-प्रणालीही लेखनाचा हाच संकेत गृहीत धरते. सात अंकी संख्येचे सहा अंक लिहिले की एकम् स्थान गेले. प्रत्येक बिंदू जवळच्या दहा मीटरांवर सरकला. पाच मीटरांवरच्या ओळी होत्या १९३०४२२, २७, ३२, ३७. त्या झाल्या १९३०४२०, ३०, ३०, ४०. मधल्या दोन ओळी एकाच रेषेवर आल्या, त्यांच्या उंचीतील फरक मात्र राहिला, म्हणून तेथे उभी भिंत झाली. पुढच्या दोन ओळींतील पाच मीटरांचा चढ दहा मीटरांवर ताणला गेला, म्हणून तेथे उतार निम्मा झाला. भिंत आणि सपाटी, भिंत आणि सपाटी. ही ती पायरी. पूर्वेकडील अंतर सहा अंकीच असल्यामुळे ते मीटरापर्यंत शाबूत होते. यास्तव सर्व पायऱ्या काटेकोरपणे पूर्व-पश्चिम धावत होत्या. निसर्गाच्या पायऱ्या उंचीच्या रेषेबरोबर वळतात, सोंडेला वळसा घालतात, घळीत आत शिरतात. या पायऱ्या नकाशाच्या रेघेबरोबर धावत होत्या. एकदा हे ध्यानात आल्यावर चित्रातही ते लख्ख दिसू लागले, आणि आपल्याला आधी कसे दिसले नाही याचे त्या विद्यार्थ्यास व त्याच्या मार्गदर्शकांस जे वाईट वाटले ते सांगावयास नको.

द्विमान रूपात लिहिले असते तर ही आपत्ती इतकी मोठी झाली नसती, पण पूर्णतः टळलीही नसती. तेथे प्रत्येक संख्या ३२ बिटांत बसवितात. या मापात दहा लाख अठ्ठेचाळीस हजारांच्या पुढे लागोपाठच्या दोन लेखनक्षम संख्यांत साडेबारा सेंटिमीटरांचे अंतर पडते आणि २०,९७,१५२ च्या पुढे, म्हणजे मुंबईच्या अक्षांशाजवळ, ते पंचवीस सेंटिमीटर होते. डोंगरास हे चालेल. इमारतीच्या कठड्यास चालणार नाही.

यावरील उपाय सोपा आहे. अभ्यासक्षेत्राच्या मध्याजवळ एक बिंदू निवडावा आणि सर्व स्थानांतून त्याची स्थाने वजा करावी. संख्या लहान झाल्या की तेच सहा अंक सेंटिमीटरपर्यंत पुरतात. भाषेत ‘इथून’, ‘पलीकडे’ ही दर्शके जे काम करतात तेच हे. बोलणारा कोठे उभा आहे हे दोघांसही ठाऊक असले की लांबलचक पत्ता सांगावा लागत नाही. मात्र ही वजाबाकी धारिका लिहिण्यापूर्वी झाली पाहिजे. प्रवाह-प्रणालीत बिंदू सरकविण्याची सोय असते आणि तिचा वापर केल्यास संख्या लहान दिसू लागतात खऱ्या, पण गळालेला अंक परत येत नाही. त्या विद्यार्थ्याने नेमके हेच केले होते; म्हणून प्रणालीच्या आतून पाहणाऱ्यास शंकेचे कारण उरले नव्हते. वजा केलेला बिंदूही कोठे तरी लिहून ठेवावा, अन्यथा निघालेले उत्तर पुन्हा नकाशावर बसविता येत नाही.

अशा सूक्ष्म तपशिलाने वाऱ्यास काय फरक पडतो, असे कोणी विचारील. याचे उत्तर दोन टेकड्यांच्या कथेत आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेस साउथ उइस्ट बेटावर आस्करव्हेन नावाची टेकडी आहे. भोवतालच्या सपाटीपासून ११६ मीटर उंच, लांबट, गुळगुळीत. १९८२ आणि १९८३ साली तेथे पन्नासांवर मनोरे उभारून वाऱ्याचे मापन झाले आणि पुढे कित्येक वर्षे प्रवाहाचे प्रत्येक नवे प्रतिमान याच टेकडीवर पारखून घेतले गेले. टेकडी सौम्य असल्यामुळे निदान वाऱ्याच्या बाजूने उत्तरे बरी येत. नंतर डेन्मार्कमधील रोस्किल्ड फ्योर्डमध्ये बोलुंड नावाच्या टेकाडावर २००७-०८ च्या हिवाळ्यात प्रयोग झाला. बोलुंड केवळ १२ मीटर उंच, १३० मीटर लांब आणि ७५ मीटर रुंद; परंतु पश्चिमेकडे त्याला जवळजवळ उभा कडा आहे. मापनांची उत्तरे न सांगता जगभरच्या संशोधकांस भूरूप देण्यात आले आणि पन्नासांहून अधिक गणने आली. त्यांत अंतर पुष्कळ पडले. दोन समीकरणांनी खळबळीचा हिशेब करणारी सरासरी-प्रवाहाची प्रतिमाने एकंदरीत सरस ठरली, तरी कड्याच्या माथ्यालगत, जमिनीच्या निकट, सर्वांचीच त्रेधा उडाली.

पण याहून बोलका प्रयोग पुढचा आहे. याच बोलुंडची लहान प्रतिकृती वातकक्षात ठेवून तिच्या कड्याची कड किंचित बदलून पाहण्यात आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा की, सर्वांत प्रतिकूल दिशेच्या वाऱ्यात एवढ्याशा बदलाने पवनचक्कीच्या अपेक्षित वार्षिक ऊर्जेत किमान पन्नास टक्के घट येते आणि वाऱ्याची खळबळ पाचपट वाढते. वारा कडेवरच जमीन सोडतो. कड कोठे व किती धारदार, यावर तो कोणत्या उंचीने फाटेल हे ठरते. आता तीस मीटर अंतराचा पट घेतला तर सातारच्या सड्याची उभी कड दोन बिंदूंमध्ये उतरून जाते आणि कड्याचा उतार होतो. आणि खोट्या पायऱ्या घेतल्या तर नसलेल्या शेकडो कडा मिळतात.

या दुसऱ्या प्रकारात प्रणालीही आपल्या चुकीस हातभार लावते. ओपनफोममधील जाळी विणणाऱ्या साधनास आधी पृष्ठभागावरील कडा शोधून द्याव्या लागतात. दोन शेजारी त्रिकोणांमधील कोन ठरावीक मर्यादेहून, बहुधा १५० अंशांहून, कमी असला की ती रेषा कड मानली जाते. मग त्या कडांजवळ घनाकार कोष दुभागून बारीक केले जातात, पृष्ठभागाबाहेरचे कोष टाकले जातात, उरलेल्यांचे कोपरे पृष्ठभागावर ओढून बसविले जातात आणि शेवटी जमिनीलगत पातळ थर घातले जातात. खोटी पायरी ही या साधनाच्या दृष्टीने उत्तम कड असते. विद्यार्थ्याची जाळी अनावश्यक जड झाली होती याचे कारण हे. संगणकाचे बरेचसे आठवडे या पायऱ्या चढण्यात गेले.

या जाळीविषयी आणखी एक सूचना, कारण नवख्यांची येथे हमखास फसगत होते. जमीन हा एक पृष्ठ आहे, घनाकृती नव्हे. प्रणालीला वाऱ्यासाठी बंद पोकळी हवी असते. म्हणून बाजूच्या भिंती आणि वरचे छत आपण पेटीच्या रूपाने देतो आणि जमिनीचा तुकडा पेटीच्या सर्व बाजूंनी थोडा बाहेर राहील असा घेतो, नाहीतर कडेच्या फटीतून जाळी जमिनीखाली शिरते. पोकळीची कोणती बाजू ठेवावयाची हे एक बिंदू दाखवून सांगावे लागते. तो बिंदू चुकून जमिनीखाली पडला तर प्रणाली आज्ञाधारकपणे कातळाची जाळी विणते आणि वारा बेसाल्टमधून वाहू लागतो. शिवाय आत येणारा वारा सपाट प्रदेशावरून आला आहे असे गृहीत धरलेले असल्यामुळे, भूरूपाची बाहेरची किनार हळूहळू एका पातळीवर आणून सोडणे इष्ट असते. डोंगराच्या मध्यातून कापलेल्या कडेवर असा वारा सोडला की पहिल्याच कोषात विसंगती उत्पन्न होते.

मोठी भूरूपे लहान करण्याचा प्रश्न उरतोच. दोन कोटी त्रिकोणांचा पृष्ठभाग कोणत्याही साधनाच्या छातीवर बसतो. येथे दोन मार्ग आहेत आणि ते एकच आहेत असे समजू नये. पहिला, पट सरासरीने जाडा करावा. हा सोपा, आणि कडांचा नाश करणारा. दुसरा, मूळ पृष्ठभागापासून किती उंचीची चूक चालेल ते ठरवून, जेथे जमीन सपाट आहे तेथील त्रिकोण काढून टाकावेत आणि वळणावरचे ठेवावेत. गार्लंड आणि हेकबर्ट यांनी १९९५ व १९९७ साली मांडलेल्या पद्धती या मार्गाच्या आहेत. सपाट माळावर शेकडो मीटरांचा एक त्रिकोण पुरतो. कड्याच्या ओठावर मीटरामीटराला बिंदू हवा. मला यात एक गोष्ट लक्षणीय वाटली. डोंगरात वावरणाऱ्या आपल्या लोकांनी ज्या आकारांना स्वतंत्र नावे दिली, कडा, सोंड, खिंड, नाळ, घळ, सुळका, तेच नेमके या गणनेत राखावे लागतात. आणि माळ व सडा यांचे बिंदू निर्धास्तपणे गाळता येतात. यास योगायोग म्हणावे की काय, याचा विचार शब्दार्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी करून पाहावा.

उंचीच्या पटाची एक मर्यादा मात्र कोणत्याही कौशल्याने ओलांडता येत नाही. पटात एका स्थळास एकच उंची असते. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आत वळलेला आहे. माथ्याच्या खाली पोकळी आहे. त्या रेषेवर एकाच ठिकाणी माथा, त्याखाली हवा आणि त्याखाली पुन्हा जमीन अशी तीन पदे येतात. पट त्यांपैकी वरचे घेतो व खालची पोकळी भरून टाकतो. त्यावरील प्रसिद्ध उसळत्या वाऱ्याचे गणित करावयाचे असेल तर पट सोडून बिंदूंच्या मोकळ्या राशीपासून पृष्ठभाग बांधला पाहिजे.

त्या विद्यार्थ्याने पुढे मध्यबिंदू वजा करून धारिका नव्याने लिहिली. पूर्व-पश्चिम पायऱ्या गेल्या, आणि त्यांच्याखाली लपलेल्या लाव्हाच्या खऱ्या, वळसेदार पायऱ्या प्रथमच दिसल्या. त्या संख्येने थोड्या आणि उंचीने मोठ्या निघाल्या. गणना पुन्हा करताना माथ्यावरील वारा फाटण्याची जागा बदलली व प्रकरणाचा उत्तरार्ध त्याला नव्याने लिहावा लागला. एक अडचण अद्याप उरली आहे. ड्रोनच्या छायाचित्रांत कड्याच्या ओठावरील करवंदीच्या जाळ्याही जमीन म्हणून मोजल्या गेल्या आहेत, त्यामुळे कड मूळच्यापेक्षा उंच आणि गोलसर झाली आहे. ती जागा पावसाळ्यानंतर फितीने मोजून घ्यावयाची असे ठरले आहे. त्याने विचारलेले प्रतिशब्द मात्र तयार आहेत: भूरूप, जाळी, कोष, कड. ‘आयात’ हा शब्द मी त्यास सुचविला नाही. आयातीत माल गोदीवर उतरतो तो तसाच असतो. येथे जे घडते त्यास ‘रूपांतर’ म्हणणे अधिक बरोबर, असे माझे मत आहे व ते मंडळासमोर मांडले आहे.